विंझरचे विमान आणि ढेबे तात्या

कोंडिबा ढेबे यांची आणि माझी ओळख बिबट्यामुळे झाली.

विंझरच्या वरच्या अंगाला एका वाडीत बिबट्याने वासरू नेल्याची खबर आली होती. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांचा मी बातमीदार होतो, कार्यालय भोरला होते. बिबट्या पहिल्या पानावर जातो, म्हणून लगेच मोटारसायकल काढली. वाडीत दहा-बारा माणसे जमली होती. ज्याने जनावर पाहिले तो गडी हात पसरून त्याची लांबी दाखवत होता आणि नवा माणूस आला की ती लांबी वाढत होती. बाजूला एक सडपातळ म्हातारे गृहस्थ उकिडवे बसून कुणाची तरी ताडपत्री शिवत होते. मान वर न करता त्यांनी विचारले, "मागचं पाय पुढच्यापरीस आखूड व्हतं का?"

गडी थांबला. मागे बसल्यासारखे चालत होते खरे, म्हणाला. मग म्हाताऱ्याने शेपटी विचारली. ती आखूड आणि झुबकेदार निघाली. मानेवरचे केस विचारले, ते उभे होते. अंगावर ठिपके की पट्टे, यावर गड्याने बराच वेळ डोळे मिटले आणि पट्टे असे सांगितले.

"आता घे नाव," म्हातारा म्हणाला आणि सुईत दोरा ओवू लागला.

ते तरस होते. दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या माणसांनी पंज्यांचे ठसे पाहून तेच सांगितले. इतर दोन दैनिकांत बिबट्या आला, आमच्याकडे तरस आले, आतल्या पानावर सहा ओळींत. बातमी तपासून दिल्याबद्दल पुण्याच्या मुख्य कार्यालयातून मला कौतुकाचा फोन आला. नोकरीत तसा फोन पुन्हा आला नाही. त्यानंतर वेल्ह्याकडे गेलो की मी विंझरला थांबू लागलो.

गावात त्यांना तात्या म्हणत. जन्म डोंगरावरच्या गवळी धनगरांच्या वाडीतला. घरात म्हशी. संध्याकाळी जनावरे कड्याच्या वाटेने उतरू लागली की वडील पोराला दारात उभे करत आणि कोणती म्हैस कुणाची, ते तिथून सांगायला लावत. शिंगांचे वळण, चालताना पडणारा खांदा, कानाचा चिरा असे एकेक सांगायचे आणि मालकाचे नाव सर्वांत शेवटी. नाव आधी घेतले तर पाठीत धपाटा बसे. एकोणिसाव्या वर्षी ते हवाई दलात गेले. काम विमानाच्या सांगाड्याचे. तिथे त्यांना विमानांच्या काळ्या सावल्यांची चित्रे दाखवून ओळखायला शिकवले. तात्यांचे म्हणणे, त्यात नवीन काही नव्हते, फक्त म्हशींना पंख होते.

हवाई दलातून सुटल्यावर एका फ्लाइंग क्लबात त्यांनी वीस वर्षे मेकॅनिक म्हणून काढली आणि मग विंझरला दोन खोल्या बांधल्या. घर एसटीच्या थांब्यासमोर. दुपारी ते दारात खुर्ची टाकून बसत. वरून लहान विमान गेले, पुण्याकडच्या एखाद्या प्रशिक्षण संस्थेचे, की शेजारी असेल त्याला वर बघायला लावत. पंख अंगाच्या वर आहेत की खाली, नाक कसे आहे, तिसरे चाक नाकाखाली की शेपटीखाली, शेपटीचा उभा भाग कुठे मोडतो, हा क्रम ठरलेला. कुणी मध्येच नाव फेकले तर त्याला ऐकू न आल्यासारखे करत.

"डोकं नावाकडं पळतं," ते म्हणत. "आन एकदा नाव आलं की डोळं मिटतात. मग म्होरं बैल असला तरी माणूस म्हशीचं दूध काढाय बसतो."

गावातल्या पोरांनी मोबाईलवर एक सोय शोधली होती. फोन उघडला की डोक्यावरच्या विमानाचे नाव, कंपनी, कुठून कुठे चालले, सगळे दिसे. एकाने ते तात्यांना दाखवून आता तुमचे काम संपले म्हणून चिडवले. तात्यांनी फोन उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, ह्याला डोळे कुठं आहेत? ह्याला कुणीतरी सांगतंय, आणि हा आपल्याला सांगतोय. आपण गावात अशा माणसाला काय म्हणतो? पोरे हसली, पण दुसऱ्या दिवशी फोन खिशात ठेवून तात्यांजवळ बसली.

जुन्या लहान विमानांना पत्र्याऐवजी कापडाची कातडी असते. लाकडाच्या आणि धातूच्या सांगाड्यावर कापड ताणून शिवायचे, त्यावर एक द्रव चढवायचा, तो वाळला की कापड ढोलासारखे घट्ट होते. त्या द्रवाला पिकल्या केळ्यासारखा वास येतो, असे तात्या सांगत, आणि केळी खात नसत. शिवणीचे हे काम त्यांच्या बोटांतून गेले नव्हते. विंझरातल्या ताडपत्र्या, छत्र्या, टेम्पोच्या टपाची कापडे त्यांच्याकडे येत. प्रत्येक टाक्याला ते वेगळी गाठ मारत, त्यामुळे वेळ दुप्पट लागे. बाया कुरकुरत. तात्या सांगत, एक टाका तुटला तर बाकीच्यांनी धरून राहायचं असतं, वर कोण शिवाय येत नसतं.

त्यांच्या पत्नी सोनाबाई हे ऐकून कंटाळल्या होत्या. पस्तीस वर्षे विमानात काढली, पण बायकोला पुण्याला न्यायचे म्हटले की एसटीच, हा त्यांचा टोमणा पाहुण्यापुढे हमखास येई. तात्या कधी विमानात बसलेच नाहीत, नुसते पुसत होते, असेही त्या सांगत. ते खरे नव्हते. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणाला मेकॅनिकला वैमानिकाशेजारी बसवण्याचा त्यांच्या क्लबात रिवाज होता. ज्याने नट आवळला त्याचीच मान नटावर ठेवायची, म्हणजे नट सैल राहत नाही, हे तात्यांचे स्पष्टीकरण. सोनाबाईंना ते त्यांनी कधी दिले नव्हते. का, असे विचारले तर म्हणाले, ती झोपली नसती.

विंझरपासून दोन-अडीच किलोमीटरवर पुण्याच्या एका व्यावसायिकाने कृषी पर्यटन केंद्र काढले होते. हुरडा, बैलगाडी, झोपाळे होतेच. त्यात त्यांनी भंगारातून एक जुने लहान विमान विकत घेतले आणि ट्रकवर घालून आणले. उद्घाटन रविवारी होते. शनिवारी दुपारी त्यांनी मला मोबाईलवर एक छायाचित्र पाठवले, जुने लढाऊ विमान अशा मजकुरासह. ते लढाऊ नाही इतके मलाही कळत होते. कोणते ते मालकालाही ठाऊक नव्हते. फाटक उद्घाटनापर्यंत बंद होते आणि विमानावर आच्छादन होते. मी विंझरला तात्यांकडे गेलो. रविवारच्या अंकाचे आमचे पान साडेसहाला जायचे. मी पोचलो तेव्हा पाच वाजले होते.

तात्यांनी फोन हात लांब करून धरला. बराच वेळ पाहिले. पंख वर. पंखाला खालून दोन टेकू, वर फाकलेले. तिसरे चाक शेपटीला. माणसे शेजारी शेजारी बसतात, एकामागे एक नव्हे. नाक लांब आणि अरुंद, म्हणजे इंजिनाचे सिलिंडर एकामागे एक ओळीत असणार. एवढे सांगून त्यांनी फोन परत केला.

मी नाव विचारले. त्यांनी सांगितले, फोटोवरून नाव घेत नाही, उद्या जाऊन बघू. मी पान जायची वेळ सांगितली. त्यांनी मान हलवली. मी पुन्हा सांगितली. सोनाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, एवढी वर्षे केले काय मग, गाडीवर बसून माणूस भोरवरून आलाय. त्या थट्टेने म्हणाल्या. तात्यांना ते लागले, हे मला दिसले, आणि मी गप्प बसलो, कारण त्याचा उपयोग होणार होता.

"ऑस्टर दिसतंय," तात्या म्हणाले. "पर नाकाखाली बघितल्याबिगर छापू नगा."

पहिले वाक्य मी वहीत लिहून घेतले. दुसरे लिहिले नाही.

ऑस्टर हे महायुद्धात तोफखान्यासाठी टेहळणी करणारे विलायती विमान. बातमी तयारच झाली. महायुद्धातील ऑस्टर विंझरला, असा मथळा, तीन कॉलम, विमानाचे छायाचित्र, खाली चौकटीत तात्यांचे. हवाई दलातील निवृत्त तंत्रज्ञ कोंडिबा ढेबे यांनी ते ओळखले, असे त्यात होते. रविवारी सकाळी मालकांचा आभाराचा फोन आला. दुपारपर्यंत त्यांनी रंगाऱ्याकडून तसा फलकही करून घेतला.

उद्घाटनाला तात्यांना शाल-श्रीफळ होते. त्यांनी ते घेतले आणि भाषणे सुरू झाल्यावर उठून विमानाकडे गेले. मी मागच्या रांगेत होतो, तिथून मला ते दिसत होते. त्यांनी नाकावर बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिले. मग शाल सावरत नाकाखाली वाकले, आत हात घातला आणि तसेच थांबले. नंतर पंखाच्या मागच्या कडेवरून हात फिरवत शेवटपर्यंत गेले. दुसऱ्या बाजूनेही गेले. सभामंडपात तेव्हा टाळ्या चालल्या होत्या.

माझ्याजवळ येऊन बसले तेव्हा त्यांचा श्वास लागला होता. ते नाक विमानाचे नव्हतेच. इंजिन आधीच कुणी विकले होते, आणि तिथे भोक दिसू नये म्हणून मालकांनी पाण्याच्या टाक्या करणाऱ्याकडून लांब पत्र्याचे नाक करून बसवले होते. आत इंजिन धरायचे चार बोल्ट चौकोनात होते. तशा चार बोल्टांवर आडवे, रुंद इंजिन बसते, ऑस्टरचे अरुंद इंजिन बसत नाही. पंखांच्या मागच्या कडेला फ्लॅप, म्हणजे उतरताना खाली वळणाऱ्या पट्ट्या, नव्हते, ऑस्टरला असतात.

"पुष्पक हाय," ते म्हणाले. "वीस वर्सं ह्याची कातडी शिवली म्या. घरचं म्हसरू, आन दुसऱ्याचं म्हणून हाकललं."

पुष्पक आपल्याकडेच बनलेले, फ्लाइंग क्लबांतून पोरांना उडायला शिकवणारे साधे विमान. तात्यांच्या क्लबात ती चार होती. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मालकांना गाठले. मालकांनी आदराने ऐकून घेतले. फलक झाला आहे, छापूनही आले आहे, आणि पुष्पक बघायला इतक्या लांब कोण येणार, असे ते म्हणाले. तात्या म्हणाले, जे त्याच्यावर उडायला शिकले ते येतील. मालक हसले आणि जेवून जायचा आग्रह केला. तात्यांनी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि चालत विंझरला गेले.

दुसऱ्या दिवशी ते नसरापूरला एसटी बदलून भोरला आले. हातात वहीचा कागद होता. सात ओळी, सुवाच्य अक्षर. विमान कोणते, ते कशावरून, आणि ओळखण्यातली चूक त्यांची स्वतःची आहे, बातमीदाराची नाही, असे त्यात लिहिले होते. कागदाबरोबर त्यांनी मला वाडीतली एक रीत सांगितली. चुकार जनावरावर हक्क सांगायचा तो पाणवठ्यावर, सगळ्या वाड्यांची माणसे असतात तिथे. आणि पुढे ते जनावर दुसऱ्याचे निघाले, तर ज्याने चुकीचे सांगितले त्याने त्याच पाणवठ्यावर, त्याच माणसांपुढे, मोठ्याने तसे सांगायचे. घरी जाऊन कानात सांगितलेले चालत नाही. नाहीतर पुढच्या खेपेला त्याचा शब्द कुणी धरत नाही. त्यांचा पाणवठा आता आमचे दैनिक होते.

मी त्यांच्यादेखत पुण्याला फोन लावला. उपसंपादकाने विचारले, तक्रार कुणाची आहे? मी म्हणालो, ज्यांनी ओळखले त्यांचीच. पलीकडून हसू आले. मालकाची तक्रार नाही, वाचकाची नाही, मग खुलासा कशाला, असा प्रश्न आला आणि फोन संपला. तात्यांना मी जागेची अडचण सांगितली.

जागेची अडचण नव्हती. सात ओळी मला त्या आठवड्यात कुठेही बसवता आल्या असत्या. तालुक्याच्या पानात आठवड्याचे बाजारभाव, हरवले-सापडले, सत्कार, सगळे मीच बसवत होतो. पण खुलासा गेला असता तर प्रत्यक्ष न बघता बातमी का दिली, हे कुणीतरी विचारले असते. त्या महिन्यात माझ्या पुण्याच्या बदलीचे चालले होते.

तात्या पंधरा दिवसांनी पुन्हा आले. सातच्या चार ओळी केल्या होत्या. बोल्टांचा तपशील गाळला होता, चूक कुणाची ते ठेवले होते. तिसऱ्यांदा आले तेव्हा दीड ओळ होती. ती देताना म्हणाले, ह्याच्याखाली गेलं तर नुसतं नाव ऱ्हाईल. पुढच्या आठवड्यात बघतो, असे मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिले. जनावर पाहत तसे, एकेक पाहत. "व्हय," म्हणाले आणि उठले. ते पुन्हा कार्यालयात आले नाहीत.

दरम्यान विंझरला जे झाले ते मला उशिरा कळले. थांब्यावर बसून तात्या भेटेल त्याला सांगत होते की ते ऑस्टर नाही, पुष्पक आहे. लोकांनी आधी ऐकले. मग कुणीतरी घडी केलेला अंक दाखवला, त्यात तात्यांच्याच नावाने ऑस्टर छापलेले होते. खुलासा तर कुठे आला नव्हता. निष्कर्ष सोपा निघाला, की तात्यांचे वय झाले. शाळांच्या सहली केंद्रात जात, मास्तर फलक वाचून दाखवत. पोरे आता फोन खिशात ठेवून त्यांच्याजवळ बसत नव्हती. पुढे एका वाडीत पुन्हा जनावराने शेळी मारली. मी गेलो तेव्हा प्रत्यक्ष पाहणारा माणूस बिबट्याच म्हणत होता. तात्यांना विचारले का, असे मी विचारल्यावर एकजण म्हणाला, "तात्याला काय इचारायचं, त्ये सकाळी एक सांगतंय आन दुपारी एक."

त्या दिवशी परतताना सोनाबाईंनी रस्त्यात मला थांबवले. डोक्यावर पाटी होती, ती त्यांनी उतरवली नाही. तात्या घरात होते. ताडपत्र्या येणे बंद झाले होते काय, ते मी विचारले नाही. दारात खुर्ची नव्हती.

"दादा, छापा की वो तेवढं," त्या म्हणाल्या. "मी त्यांना त्या दिशी तसं बोलाय नगं व्हतं. ह्ये घरात बोलत न्हाईत. वर विमान आलं तरी भायेर येत न्हाईत."

चूक माझी होती हे सांगायला ती जागा बरी होती. मी त्यांना म्हणालो की पुण्याला विचारतो. मी विचारले नाही. पुढच्या महिन्यात बदलीचे पत्र आले.

तात्या वारले तेव्हा मी पुण्यात होतो. कळले तेही आठ दिवसांनी, आमच्याच तालुका पानातून, निधनवार्तेच्या दोन ओळींत. शेतकरी कोंडिबा ढेबे, असे त्यात लिहिले होते. नव्या बातमीदाराला दोष देत नाही, तात्या कोण होते ते त्याला कुणी सांगितले नव्हते.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते भोरच्या वाचनालयात. बदलीवर निघण्याच्या आदल्या दिवशी पुस्तके परत करायला गेलो होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. दारातून लांब टेबल दिसे. तात्या त्याच्या टोकाला बसले होते आणि त्यांच्यापुढे आमच्या दैनिकाची बांधलेली जाड फाईल उघडी होती. ग्रंथपाल बाई दाराजवळच्या टेबलाशी होत्या. त्यांनी हळू आवाजात मला सांगितले की हे गृहस्थ परवानगी मागायला आले होते, छापील अंकावर पेन्सिलीने एक ओळ लिहू का म्हणून. पेनने लिहिणार नाही, असे आपणहून कबूल केले. वेल्हे, विंझर, नसरापूर इथल्या वाचनालयांतून जाऊन आले होते, तिथले त्या तारखेचे अंक रद्दीत गेले होते. वरवे बुद्रुकला एक मिळाला, भोंगवलीला एक. भोरलाच फाईल बांधतात, हे त्यांना कुणीतरी सांगितले. बाईंनी कशाबद्दल म्हणून विचारले, तर एवढेच म्हणाले की इथे मी चुकीचे बोललो होतो.

ते बातमीच्या कडेला लिहीत होते. अक्षर बारीक काढायचे म्हणून कागदावर फार वाकले होते. एक शब्द खोडरबराने पुसला, बोटाने कचरा झटकला आणि पुन्हा लिहिला. लिहून झाल्यावर मागे सरून हात लांब करून ते पान पाहिले.

शेजारी एक वृद्ध गृहस्थ ती फाईल मोकळी होण्याची वाट पाहत बसले होते. तात्यांनी फाईल त्यांच्याकडे सरकवली आणि कडेच्या ओळीवर बोट ठेवले. गृहस्थांनी चष्मा लावून ओळ वाचली. मग वरची बातमी वाचली, चौकटीतले छायाचित्र पाहिले आणि मान वळवून तात्यांच्या तोंडाकडे पाहिले.

"हे तुम्हीच का?" त्यांनी विचारले.

"व्हय," तात्या म्हणाले. "मीच."

गृहस्थांनी मान हलवली आणि आपल्याला हवे ते पान शोधू लागले. तात्या दोन्ही हात टेबलावर ठेवून बसून राहिले. मी आत गेलो असतो तर चार पावलांवर होते. मी पुस्तके बाईंच्या टेबलावर ठेवली, पावती न घेता वळलो आणि ते उठायच्या आत जिना उतरलो.